अकरा नंबरची वही

३ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

आज सकाळी आठ वाजता पहिल्या चार गोळ्या घेतल्या. आता साडेअकरा झालेत आणि मला काहीही झालेलं नाही. तीनदा खिडकी उघडून बंद केली, पडद्याची निखळलेली कडी बसवली, शेजारच्या शिवणवालीकडे जाऊन उगीचच सुई मागून आणली. पण ते गोळ्यांमुळे नव्हे. मी मुळातच अशी, हे तुला माहीत आहे.

हसू नकोस पत्र बघून. मोबाईलवर तू लिहितोस, 'कशी आहेस?' मी लिहिते, 'ठीक.' तू लिहितोस, 'बरं.' गेले चार महिने आपलं एवढंच बोलणं. बॉयलरखान्यानं तुझे कान नेले, त्यामुळे फोनवर भांडायचीही सोय राहिली नाही. पत्रात निदान पान भरावं लागतं, आणि पान भरायचं म्हटलं की माणूस काहीतरी खरं लिहितोच.

तर खरं ऐक. लिम्फोमा, तोच गाठींचा कॅन्सर, परत आलाय. दोनदा सलाईनमधून औषधं घेतली, दोनदा तो गेला, दोनदा परत आला. मानेतली गाठ अक्रोडाएवढी झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एक नवीन औषध आहे, तोंडानं घ्यायचं, पण ते अजून तपासलं जातंय. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. मलाही नंबर आहे : अकरा. आम्ही सगळे मिळून अठरा जण. बारा पानांचा कागद वाचून सही केली. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासली, आता कुणीतरी मला तपासतंय. चालायचंच.

एक वही दिली आहे. गोळ्या किती वाजता घेतल्या, दिवसभरात काय काय झालं, सगळं त्यात लिहायचं. दर आठवड्याला सिस्टर ती बघते आणि उरलेल्या गोळ्या मोजून घेते. माझ्यासारखीला हे काम म्हणजे सोपंच.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. मग हिनं वाचलं आणि मला म्हणाली, "तुमच्या बहिणीला भीती वाटते आहे." मी म्हणालो, कुठे, पडद्याची कडी बसवली असं लिहिलंय की. तर ही म्हणाली, "म्हणूनच."

मला एवढंच सांग, हे नवीन औषध घेतलेले आधीचे लोक कसे आहेत? आधीचे कुणी नसतीलच तर मग तूच आधीची का? दुसरं कुणी मिळालं नाही का त्यांना? मला यातलं काही कळत नाही, पण आमच्याकडे नवीन बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा तेव्हा सगळ्यांना बाहेर काढायचे आणि एकटा फोरमन आत राहायचा. तो फोरमन मला कधी आवडला नाही, पण त्या दिवशी तो बाहेर येईपर्यंत मी फाटकापाशी उभा राहायचो.

नवीन कानयंत्र घेतलंय. त्यात ताटं-वाट्या फार मोठ्यानं बोलतात आणि माणसं हळू. काढून ठेवलंय.

मी येऊ का तिकडे? ही म्हणते, जा.

तुझा,
भोंगा

२५ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

येऊ नकोस. आलास की तू मला बसवून ठेवणार, आणि बसले की मला आजारी वाटतं.

आता बातमी. बसली आहेस की उभी, हे वहिनीला विचार आणि मग तिला वाचून दाखव. गाठ कमी होतेय! आरशासमोर मान वळवली की उजवीकडे सुजलेली दिसायची. परवा आरशात बघितलं तर मान मला माझीच वाटली. बोट फिरवलं, तर अक्रोडाचा वाटाणा झालाय. डॉक्टरीणबाई उघड काही बोलत नाहीत, "आठ आठवड्यांनी स्कॅन करू, मग बोलू," एवढंच. पण त्यांनी मान दाबून बघितली तेव्हा त्यांचा हात जरा जास्त वेळ तिथे राहिला. समोरच्याचा हात कुठे थबकतो, यावर माझं सगळं आयुष्य गेलंय.

तपासणीच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बारा नंबर बसतो. बसचा ड्रायव्हर आहे, सध्या रजेवर. फार बोलत नाही. खुर्चीत बसूनही उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा पुढे. मी त्याला सांगितलं, "तुमच्या आधी माझा नंबर आहे, म्हणजे काही झालं तर आधी मला होईल, तुम्ही निर्धास्त राहा." तो इतक्या मोठ्यानं हसला की सिस्टरनं आत येऊन बघितलं. त्याची बायको डबा घेऊन येते आणि तीही हल्ली माझ्यासाठी थोडं जास्त आणते.

बाकी त्रास म्हणशील तर काही नाही. हातावर निळे डाग उठतात, ते सगळ्यांनाच. आणि दुपारी चारच्या सुमाराला कधीकधी छातीत कबूतर फडफडतं. सोमवारी फडफडलं, शुक्रवारी फडफडलं, काल जरा जास्त वेळ, भिंत धरून उभी राहिले. पाच-दहा मिनिटांत उडून जातं. बहुतेक आनंदानं.

ताई

१ मार्च

ताई,

गाठीचं वाचून ही रडली. मी बाहेर जाऊन सायकल पुसली.

पण कबुतराचं काय? ते वहीत लिहिलंस का?

भोंगा

७ मार्च

भोंग्या,

नाही लिहिलं.

रागावण्याआधी पूर्ण वाच. त्या बारा पानांत सातव्या पानावर एक वाक्य आहे : अमुक प्रकारचा त्रास दिसल्यास औषध थांबवण्यात येईल. थांबवण्यात येईल! कोण थांबवणार, किती दिवस, पुन्हा सुरू करणार की नाही, काही नाही. मी सरकारी नोकरीत होते, 'येईल' या शब्दात किती जागा असते हे मला कळतं. दोन औषधं संपली. या गोळ्या गेल्या तर माझ्यासाठी पुढे काही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सौम्य शब्दांत सांगितलं होतं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आणि तपासणीला गेले की छातीला वायरी लावतात, कागदावर रेघा काढतात. त्या वेळी माझं हृदय असं शहाण्यासारखं चालतं की मलाच कौतुक वाटतं. यंत्राला दिसत नाही, मग मी कशाला दाखवू?

मी एकटीच नाही. मागच्या आठवड्यात ड्रायव्हर हळूच मला म्हणाला, "बाई, तुम्हाला धडधडतं का हो?" मी म्हटलं, धडधडतं. तो म्हणाला, "वहीत काय लिहिता?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्हीही लिहू नका. औषध काढून घेतील." त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं वही मिटून माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याच्या काखेतली गाठही निम्मी झाली आहे. आता सांग, मी काय चुकीचं सांगितलं?

हे कुणाला बोलू नकोस. वहिनीलाही नाही.

ताई

१० मार्च

ताई,

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती, त्यामुळे तिला कळलं. म्हणाली, "ताईंना विचारा, एखाद्या दुकानदारानं वजनातलं शिसं काढून ते गुपचूप हलकं केलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?" मी म्हणालो हे मी लिहिणार नाही. पण लिहिलं.

मी शिकलेला नाही, तरी एक कळतं. तू मला सांगतेस की औषध फार चांगलं आहे, आणि त्यांना सांगतेस की औषधाचा काहीच त्रास नाही. मग उद्या ते हेच औषध तुझ्या वहीवर भरवसा ठेवून आणखी शंभर जणांना देतील. त्यातल्या एखाद्याला धरायला भिंत नसेल.

तू गेलेली मला चालणार नाही. पण हेही चालणार नाही. दोन्ही एकदम कसं म्हणायचं ते मला येत नाही.

आठ दिवसांत तू त्या सिस्टरला सांग. नाहीतर मी पत्र घालतो. पत्ता आहे माझ्याकडे.

भोंगा

२१ मार्च

भोंग्या,

ड्रायव्हर पडला.

मंगळवारी तपासणी होती. मी पोचले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी. वाटलं, बस चुकली असेल, आणि बसवाल्याचीच बस चुकली म्हणून काय चिडवायचं हेही ठरवून ठेवलं. सिस्टर आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बारा नंबर काल संध्याकाळी घराच्या जिन्यात कोसळले. हृदयाचे ठोके फार बिघडलेत. मनगट मोडलंय, डोक्याला लागलंय. अतिदक्षता विभागात आहेत. त्यांच्या वहीत काहीच नाही. तुम्हाला ते कधी काही बोलले होते का?"

मी उठले. दाराकडे गेले, परत आले, परत दाराकडे गेले. मग मी म्हणाले, "बोलले होते. आणि लिहू नका असं मी सांगितलं."

मला वाटलं होतं ओरडेल. तिनं फक्त डॉक्टरीणबाईंना आणलं आणि दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं, माझंही. कबूतर म्हणाले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कबूतर नको. किती वाजता, किती मिनिटं, चक्कर आली का, गोळ्या घेऊन किती तास झाले होते, ते सांगा." मला आठवेना! तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि स्वतःच्या दिवसांची एक तारीख धड सांगता येईना. मग आठवलं की मी तुला लिहिलं होतं.

भोंग्या, माझी पत्रं पाठव. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध बनवणाऱ्यांना हे लगेच कळवावं लागतं, बाकीच्या सोळा जणांनाही विचारावं लागेल, आणि त्यासाठी खऱ्या तारखा हव्यात. झेरॉक्स नको, मूळ पत्रंच पाठव. त्यात तुझ्या बायकोबद्दल काही वाईट लिहिलेलं नाही ना, ते बघून घे.

गोळ्या त्यांनी काढून घेतल्या. बाटलीसकट.

ताई

२३ मार्च

ताई,

पत्रं सोबत आहेत. रजिस्टर करून पाठवतोय. २५ फेब्रुवारीच्या पत्रात सोमवार, शुक्रवार आणि 'काल' असं आहे, त्यावर हिनं पेन्सिलीनं तारखा घातल्यात : १७, २१ आणि २४. कॅलेंडर समोर धरून दोनदा मोजल्या.

आता मला काही सांगायचंय. बसून वाच, येरझाऱ्या घालत नको.

मी ते पत्र लिहिलं होतं. सिस्टरच्या नावानं. दहा तारखेला तुझं पत्र टाकलं, त्याच दिवशी तेही लिहून पाकीट चिकटवलं. तुला आठ दिवस दिले होते ना, म्हणून थांबलो. पेटीपाशी रोज जायचो. एकदा पाकीट फटीत अर्धं घालून बाहेर काढलं. मनात यायचं, मी हे टाकलं तर ताईच्या गोळ्या जातील आणि ते माझ्या हातानं झालं असेल. अठरा तारखेला, मंगळवारी, आठ दिवस पूर्ण झाले. त्या दिवशी टाकणार होतो. तुझा ड्रायव्हर सोमवारी पडला.

अकरा तारखेलाच टाकलं असतं तर? तुला दिलेला शब्द पाळला म्हणून मला चांगलं वाटत होतं, ताई. त्या माणसाचा मी विचारच केला नाही. तुझ्याच पत्रात तो होता, हसला होता, त्याची बायको डबा आणत होती, आणि मला फक्त तू दिसत होतीस.

ते पाकीट अजून खिशात आहे.

भोंगा

५ एप्रिल

प्रिय भोंग्या,

ते पाकीट फाडून टाक. तू गुन्ह्यात अर्धा वाटा मागतो आहेस, आणि मी लहानपणापासून तुला माझ्यातलं अर्धं कधी सुखासुखी दिलेलं नाही. तू मला आठ दिवस दिलेस. ते आठ दिवस मी काय केलं? कपाटं आवरली.

अठरा दिवस झाले, घरात गोळी नाही. सकाळी आठला हात आपोआप बाटलीकडे जातो. मान दाबू नये असं ठरवते आणि दिवसातून पन्नास वेळा दाबते. वाटाणा आता चांगला सुपाएवढा नाही तरी बोराएवढा झालाय. बघ, मापं सांगतानाही मी आता अतिशयोक्ती करायला लागले. बोराएवढा. पट्टीनं मोजलं : सतरा मिलिमीटर. वहीत लिहिलं.

छातीला एक छोटं यंत्र चिकटवून चोवीस तास घरी पाठवलं होतं. त्यात कबूतर सापडलं. सिस्टरनं मला कागद दाखवला. सरळ रेघांमध्ये एक तुकडा असा होता, जसं एखाद्या लहान मुलानं पेन्सिल हाती घेऊन गिरगटावं. तो तुकडा माझाच होता, तरी मला त्याची लाज वाटली.

बाकीच्या सोळा जणांना विचारलं. आणखी दोघांना होत होतं. एकीनं लिहिलं नव्हतं, एकाला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

गुरुवारी ड्रायव्हरच्या घरी गेले. तो आता वॉर्डातून घरी आलाय. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मी तिथेच उंबऱ्यात उभी राहून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती पदराला हात पुसत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुमच्यावर त्यांचा फार भरवसा होता. मला सांगायचे, त्या बाईंना सगळं कळतं." शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. तिनं दार आपटलंही नाही, हळू लावलं. मी जिना उतरले. तोच जिना. खालच्या पायऱ्या दगडी आहेत.

त्याला या औषधावर परत घेणार नाहीत. दुसरं काहीतरी सलाईनमधून सुरू करणार आहेत, त्याचा गुण येईल की नाही माहीत नाही. त्याची गाठ निम्मी झाली होती, भोंग्या. निम्मी.

माझा निर्णय सोमवारी. कमी गोळ्या देऊन बघतील किंवा मलाही बाहेर काढतील. काढलं तर तक्रार करणार नाही, असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे असं सकाळी वाटतं. दुपारपर्यंत टिकत नाही.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ताई,

पाकीट फाडलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतोय. नको म्हणायला तुला वेळ मिळू नये म्हणून हे पत्र मुद्दाम उशिरा टाकतोय. तुला बसवून ठेवणार नाही. ही म्हणाली, "त्यांच्याबरोबर चाला." तेव्हा आपण चालू. कानयंत्र घालून येतो, मोठ्यानं बोल.

भोंगा

६ मे

प्रिय भोंग्या,

तू गेल्यावर घर फार शांत झालं. तू होतास तेव्हा तरी कुठे बोलत होतास, पण तुझी पावलं वाजायची.

काल स्कॅनचा निकाल आला. गाठ पूर्ण गेलेली नाही. सुरुवातीच्या एक-तृतीयांश आहे आणि नवीन कुठे काही दिसत नाही. चारच्या दोन गोळ्या झाल्यात आणि हृदयासाठी वेगळी एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमी मात्रेवरही काम करतंय असं दिसतं. किती दिवस करेल ते मला सांगता येणार नाही." मी म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. दुपारी चारचं कबूतर या महिन्यात दोनदा आलं. तारीख, वेळ, मिनिटं, सगळं लिहिलंय. अजूनही लिहिताना हात आखडतो. वही सिस्टरच्या हातात देताना आजही तिचा एक कोपरा धरून ठेवते. ती सवय जाणार नाही बहुतेक.

ड्रायव्हरला त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर सलाईन देतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी दहा मिनिटं उभी राहून परत आले. दुसऱ्यांदाही तेच. काल गेले, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी होती. त्यानं प्लास्टरच्या हातानं ती उचलून खाली ठेवली. मी बसले. त्याची बायको आली, तिनं बघितलं आणि तीही पलीकडे बसली. तासभर आम्ही तिघं त्या थेंबांकडे बघत होतो. एवढंच. यापेक्षा जास्त झालं असं मी तुला सांगणार नाही.

आता आजचं सांगते. चाचणीत नवीन माणसं घेणं पुन्हा सुरू झालंय. जुन्या सगळ्यांना नव्या कागदावर पुन्हा सही करायला बोलावलं होतं. बाराची तेरा पानं झालीत. पाचव्या पानावर ठळक अक्षरांत नवीन मजकूर आहे : काही रुग्णांना छातीत धडधड जाणवली, एका रुग्णाला त्यामुळे गंभीर इजा झाली, असं काही जाणवल्यास त्याच दिवशी कळवावे. मी तो परिच्छेद चार वेळा वाचला. 'एका रुग्णाला.' खाली सलाईन लावून बसलाय तो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती, वीस-बावीस वर्षांची, एकोणीस नंबर. डोक्याला रुमाल, मांडीवर कोरी वही. तीही पाचव्याच पानावर अडली होती. बोट ठेवून ठेवून वाचत होती. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही जुन्या ना? हे असं धडधडलं आणि आपण लिहिलं, तर औषध बंद करतात का हो?"

भोंग्या, मला तिला 'नाही' म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की शब्द दातांपर्यंत आला होता.

मी म्हटलं, "करतात. माझं केलं होतं. जवळजवळ तीन आठवडे. तेवढ्यात गाठ वाढली, मी रोज मोजत होते. पुन्हा देतील की नाही, हे कुणी सांगत नव्हतं."

तिनं पाचव्या पानावरचं बोट उचललं.

"तरी लिही," मी म्हटलं.

तुझी,
ताई